पहिलीत आलेल्या मुलांच्या विशेष गरजांची प्राथमिक चाचपणी: वर्गशिक्षकासाठी मार्गदर्शन

जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत पहिलीला दाखल झालेल्या मुलांपैकी कोणाला शिकताना वेगळ्या मदतीची गरज लागेल, हे ओळखण्यासाठी वर्गशिक्षकाला डॉक्टर व्हावे लागत नाही, आणि त्याने तसा आव आणूही नये. कोणत्या मुलाकडे अधिक जाणकार नजरेने पाहिले जायला हवे हे वेळेत सांगणे, आणि ती नजर पडेपर्यंत त्या मुलाची वर्गात आबाळ होऊ न देणे, एवढेच त्याचे काम आहे. निदान हा पुढचा आणि दुसऱ्याचा टप्पा. हा फरक सुटला की चाचपणीचे रूपांतर शिक्का मारण्यात होते, आणि पहिलीत बसलेला शिक्का चौथीपर्यंत सहसा पुसला जात नाही.

आणखी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट असावी. ही चाचपणी मुलाचे नाव जनरल रजिस्टरमध्ये लागल्यानंतरच करायची असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कोणतीही चाळणी लावता येत नाही, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव न करता प्रवेश देणे शाळेवर बंधनकारक आहे. त्याच कलमात मुलांमधील विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली खास अडचण) शक्य तितक्या लवकर ओळखून त्यावर योग्य ते अध्यापन उपाय करण्याची जबाबदारीही शाळेवर टाकलेली आहे. ‘आधी तपासून आणा, मग बघू’ असे प्रवेशाच्या दिवशी पालकांना सांगणारी शाळा, तिचा हेतू कितीही चांगला असला तरी, चुकीच्या टोकाकडून सुरुवात करते.

वेळेचे गणित

पहिल्या आठवड्यात काहीही ठरवू नये. घर सोडून पहिल्यांदाच मोठ्या वर्गात बसलेले मूल रडते, गप्प बसते, दाराकडे पाहत राहते, शू आली तरी सांगत नाही. यांतले काहीच लक्षण नव्हे. एन.सी.ई.आर.टी.ने (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने) २०२१ मध्ये आणलेला ‘विद्या प्रवेश’ हा शाळापूर्व तयारीचा कार्यक्रम पहिलीच्या आरंभी बारा आठवडे खेळातून चालवायचा असतो, आणि निरीक्षणाला याहून सोयीचा काळ वर्षभरात पुन्हा मिळत नाही. जूनच्या उत्तरार्धात फक्त पाहावे, जुलैमध्ये डोळे, कान आणि हालचाली तपासाव्यात, ऑगस्टमध्ये भाषा आणि संख्येकडे वळावे, आणि गणपतीच्या सुट्टीआधी ज्या मुलांबद्दल शंका उरली असेल त्यांची यादी मुख्याध्यापकांसमोर ठेवावी, असा क्रम बहुतेक शाळांना पेलतो.

शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्यात मुलाचे विकासपत्र भरलेले असते. ते फाइलला लावून विसरून जाऊ नये. शारीरिक विकासाच्या आणि भाषेच्या टेबलावर काय नोंदले गेले आहे ते मुद्दाम वाचावे. त्याहूनही मोलाची माहिती अंगणवाडी सेविकेकडे असते. तिने मुलाला तीन वर्षे रोज पाहिलेले असते, त्याचे वजन केलेले असते, आणि ते केव्हा चालायला व बोलायला लागले हेही तिला बहुधा आठवते. अर्ध्या तासाचे हे बोलणे पुढचा महिन्याभराचा अंदाज वाचवते.

आधी वय, भाषा आणि हजेरी

एखादे मूल मागे पडते आहे असे वाटले की सर्वांत आधी त्याची जन्मतारीख पाहावी. ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला महाराष्ट्रात पहिलीला प्रवेश मिळतो. म्हणजे डिसेंबरअखेर जन्मलेले मूल जूनमध्ये जेमतेम साडेपाच वर्षांचे असते, आणि त्याच्या शेजारी बसलेले मूल त्याच्याहून जवळजवळ एक वर्षाने मोठे असू शकते. या वयात एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा भाग. पेन्सिलीची पकड, एका जागी बसण्याची क्षमता, सूचना लक्षात ठेवणे या सगळ्यांत तेवढा फरक पडणारच. जुन्या रजिस्टरमध्ये अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला येत असे, तेव्हा हा हिशेब करणेच शक्य नव्हते. आता जन्मदाखला असतो, तेव्हा वर्गाची यादी एकदा जन्मतारखेच्या क्रमाने लावून पाहावी आणि शंकास्पद नावांपैकी किती जण तिच्या तळाशी सापडतात ते तपासावे.

दुसरी चाळण भाषेची. घरी भिलोरी, पावरी, कोरकू, माडिया, गोरमाटी किंवा पारधी बोलणारे मूल पहिल्या दोन महिन्यांत गप्प राहते, कारण वर्गात जे चालले आहे ते त्याला समजतच नसते. त्याची भाषा तपासायची तर ती त्याच्याच भाषेत तपासावी लागते. तिसरी-चौथीतल्या त्याच्या ताईला बोलावून ‘काल घरी काय काय झाले ते याला विचार’ असे सांगावे आणि आपण नुसते ऐकत बसावे. शब्द कळले नाहीत तरी मूल किती लांब बोलते, ताईला उलट प्रश्न विचारते का, हे कळतेच. घरच्या भाषेतही ते तुटक बोलत असेल, आणि ‘याच्या भावंडांपेक्षा याला उशिरा बोलता आले’ असे आई सांगत असेल, तर ती नोंद महत्त्वाची आहे. मराठी येत नाही ही मात्र शिक्षकाने आपल्या अध्यापनाच्या खात्यावर लिहायची गोष्ट आहे, मुलाच्या नव्हे.

बोलीचाही येथेच विचार व्हावा. वऱ्हाडातले मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणते आणि कितीतरी भागांत ‘पाणी’चे ‘पानी’ होते. हा उच्चारदोष नाही, ती त्या घराची मराठी आहे. ‘र’च्या जागी ‘ल’ येणेही साडेपाच-सहा वर्षांच्या मुलात फार चिंतेचे नसते. पाहुण्या माणसाला मुलाचे बहुतेक बोलणे कळतच नसेल, किंवा मूल शब्दाच्या आरंभी अडून चेहरा ताणत असेल, तर ते मात्र टिपून ठेवावे.

हजेरीबद्दल थोडक्यात: जे मूल आठवड्यातून दोन दिवस येते त्याच्या प्रगतीवरून काहीच निष्कर्ष निघत नाही, पण ते का येत नाही यातून निघू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात हातापायांच्या दुखण्याने वारंवार घरी राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची शक्यता लक्षात ठेवावी. २०१६ च्या अधिनियमातील एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचाही समावेश आहे, हे अनेक शाळांना माहीत नसते.

डोळे आणि कान

कोणत्याही मुलाला ‘लक्ष देत नाही’ म्हणण्याआधी त्याला दिसते का आणि ऐकू येते का, हे पाहिलेच पाहिजे. माझ्या वर्गातील शेवटच्या रांगेत बसणाऱ्या एका मुलीला मी दोन महिने मंदगतीची समजत होतो. तिचे दोन्ही कान पावसाळ्यात वाहत असत, आणि पावसाचा आवाज पत्र्यावर सुरू झाला की माझे एकही वाक्य तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते. तिला पुढे बसवले आणि ग्रामीण रुग्णालयात औषध सुरू झाले, तेव्हा दिवाळीपर्यंत ती जोडाक्षरांपर्यंत आली. माझे ते दोन महिने मात्र तिला कोणी परत दिले नाहीत.

अक्षरे न येणाऱ्या मुलासाठी दृष्टितपासणीचा ‘ई’ तक्ता वापरतात. इंग्रजी ई या आकाराचे तोंड वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे असते आणि मुलाने हाताच्या बोटांनी ती दिशा दाखवायची असते. तक्ता सहा मीटरवर, म्हणजे सुमारे वीस फुटांवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आणि चांगल्या उजेडात लावावा. वर्ग लहान असेल तर व्हरांडा उत्तम. आधी जवळून खेळ म्हणून सराव करून घ्यावा, नाहीतर दिसत नाही की समजले नाही, हे कळत नाही. एका वेळी एकच डोळा तपासावा आणि दुसरा पुठ्ठ्याच्या तुकड्याने झाकावा, कारण तळहाताने झाकायला सांगितले की मुले बोटांच्या फटीतून हमखास पाहतात. दोन डोळ्यांमध्ये फरक आढळला तर तो किरकोळ समजू नये: एक डोळा चांगला असलेले मूल कसलीच तक्रार करत नाही, आणि दुसरा डोळा न वापरल्याने आळशी होत जातो, त्यावर लहान वयात उपचार झाले तरच त्यांचा चांगला उपयोग होतो. तिरळेपणा, पाटी नाकाजवळ धरणे, फळ्याकडे पाहताना मान वाकडी करणे हेही टिपावे. डोळ्याच्या बाहुलीत पांढरेपणा दिसला तर मात्र यादी, बैठक, पत्र यांची वाट न पाहता त्याच आठवड्यात मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

श्रवणासाठी शाळेत यंत्र नसते, पण कुजबुज चाचणी करता येते. शांत वेळी मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे, म्हणजे त्याला ओठ दिसणार नाहीत. श्वास सोडून मग ‘पाटी’, ‘चेंडू’, ‘मासा’ असे ओळखीचे शब्द कुजबुजावेत आणि मुलाला ते परत म्हणायला सांगावेत. एक कान तपासताना दुसऱ्या कानाच्या तोंडाशी असलेली लवचीक पाळी बोटाने हलकेच दाबून चोळत राहावी. लाजणाऱ्या मुलासमोर त्या वस्तू मांडून ‘मी सांगेन ती उचल’ असा खेळ करावा. सर्दी झालेल्या मुलाची चाचणी दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावी. कान वाहत असेल तर घरी तेल घालू नये, एवढे आईला जरूर सांगावे.

लंगडी, सागरगोटे आणि चिंचोके

हालचालींची तपासणी मैदानावर आपोआप होते. लंगडी हा तोल तपासण्याचा इतका चांगला खेळ आहे, की त्याच्यासाठी वेगळे साहित्य लागत नाही: सहा वर्षांच्या मुलाला एका पायावर सलग चार-पाच उड्या घेता याव्यात. सागरगोटे झेलताना डोळे आणि हात यांचा मेळ दिसतो, आणि शर्टाची बटणे लावताना बोटांचे कौशल्य. एक गोष्ट आवर्जून पाहावी. जमिनीवरून उठताना एखादा मुलगा आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठत असेल, जिना चढताना मागे पडत असेल आणि त्याच्या पोटऱ्या वाजवीपेक्षा भरीव दिसत असतील, तर तो आळशी नाही. स्नायूंचा क्षय होणाऱ्या आजाराची ती खूण असू शकते, आणि त्याला लवकर जिल्हा रुग्णालयात पाठवले पाहिजे.

संख्येसाठी दहा चिंचोके पुरतात. ‘मोज’ म्हटल्यावर मूल एकेका चिंचोक्यावर बोट ठेवून एकेकच अंक म्हणते का, आणि ‘मला सहा दे’ म्हटल्यावर सहाला थांबते का, हे पाहावे. वीसपर्यंत घडाघडा म्हणणे ही पाठांतराची गोष्ट आहे, तिला येथे फार किंमत देऊ नये.

अक्षरांआधीचा आवाज

पुढे वाचनात अडचण येण्याची शक्यता असलेली मुले पहिलीत अक्षरांवरून फारशी ओळखू येत नाहीत, आवाजांवरून ओळखू येतात. शब्दाचे तुकडे टाळ्यांवर पाडता येणे, ‘चूल’शी जुळणारा ‘मूल’ सुचणे, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर ‘मळ’ उरतो हे उमगणे, या तिन्ही गोष्टी तोंडी खेळातून पाहता येतात आणि त्यासाठी मुलाला वाचता येण्याची गरज नसते. वर्गातल्या बहुतेकांना हा खेळ जमू लागल्यावरही एखाद्याला महिनाभर सराव करूनही तो जमत नसेल, बडबडगीताच्या ओळी लक्षात राहत नसतील, आणि रोजच्या वस्तूंची नावे आठवताना ते सारखे अडखळत असेल, तर त्याच्या नावापुढे खूण करावी.

याउलट ‘३’ आणि ‘६’ यांची अदलाबदल, ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांतला गोंधळ, पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला देणे, या गोष्टी पहिलीत सर्रास घडतात. ‘३’ हा ‘६’चा आरशातला आकार आहे; सहा वर्षांच्या मुलाने त्यात गोंधळावे यात नवल ते काय? म्हणूनच केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शाळांनी विशिष्ट अध्ययन अक्षमतेची चाचपणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, करावी असे म्हटले असून प्रमाणपत्रही आठ वर्षांनंतरच देण्याची तरतूद आहे. पहिलीच्या शिक्षकाने ‘डिस्लेक्सिया’ (वाचनाची अध्ययन अक्षमता) हा शब्द पालकांसमोर उच्चारू नये. त्याने फक्त ‘आवाजांच्या खेळात जास्त सराव हवा’ असे लिहावे आणि तो सराव द्यावा. साधनच हवे असेल तर राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेल्या ‘डाली’ या संचात पहिली-दुसरीसाठी शिक्षकांनी भरायची तपासणी-सूची असून ती मराठीतही आहे. भाषांतरित इंग्रजी सूची वापरण्यापेक्षा ती केव्हाही बरी, कारण इंग्रजीतला ‘बी’ आणि ‘डी’ यांचा गोंधळ देवनागरी लिहिणाऱ्या मुलाबद्दल काही सांगत नाही.

वागण्याकडे पाहताना

दंगा करणारी मुले यादीत आधी येतात आणि गप्प मुली शेवटपर्यंत येत नाहीत, हा प्रत्येक शाळेतला अनुभव आहे; त्यामुळे यादी झाल्यावर तिच्यात मुली किती आहेत हे एकदा मोजावे. बोलता बोलता दहा-पंधरा सेकंद शून्यात नजर लावणारे, हाक मारूनही न वळणारे आणि मग जणू काही झालेच नाही असे पुढे चालू लागणारे मूल स्वप्नाळू नसून त्याला फेफऱ्याचा सौम्य झटका येत असण्याची शक्यता असते. नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद नाही, बोटाने दाखवून काही मागत नाही, घंटेच्या आवाजाने कान झाकते, बरोबरीच्या मुलांच्या खेळात शिरत नाही, अशा गोष्टी एकत्र दिसल्या तर स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) दृष्टीने तज्ज्ञांकडे पाठवावे. चंचलतेच्या बाबतीत घाई नको. सहा वर्षांचे मूल चाळीस मिनिटे एका जागी बसत नाही ही तक्रार मुलाविरुद्ध नसून वेळापत्रकाविरुद्ध आहे. वर्गात, मैदानावर, पोषण आहाराच्या पंगतीत आणि घरी, चारही ठिकाणी तेच दिसत असेल तरच पुढचे बोलावे. सकाळी उपाशीपोटी आलेली मुले खिचडीनंतर वेगळीच वागतात, हे तर कोणत्याही शिक्षकाला सांगायला नको.

नोंद कशी लिहावी

‘लक्ष नसते’, ‘ढ आहे’, ‘घरचे दुर्लक्ष’ या नोंदी नव्हेत, ही मते आहेत. ‘१४ जुलै: मागून तीन वेळा हाक मारली, एकदाच वळला, समोरून मारल्यावर तिन्ही वेळा वळला’ ही नोंद आहे, कारण ती वाचून दुसऱ्या माणसाला काहीतरी करता येते. प्रत्येक मुलासाठी वहीची दोन पाने ठेवावीत आणि प्रत्येक नोंदीपुढे आपण दुसऱ्या दिवशी काय बदलले ते लिहावे: जागा पुढे दिली, सूचना एकेक करून दिली, फळ्यावरची अक्षरे मोठी केली, जोडीदार बदलला. अशा बदलाला दोन-तीन आठवडे द्यावेत. पुष्कळ शंका तेवढ्यातच विरतात, आणि ज्या उरतात त्या खऱ्या असण्याचा संभव जास्त असतो. ही वही कपाटात ठेवावी. शाळेच्या किंवा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तिचा फोटो जाता कामा नये.

ज्यांच्याबद्दल शंका उरली आहे अशा मुलांच्या चाचपणीसाठी एन.सी.ई.आर.टी.चे ‘प्रशस्त’ हे अ‍ॅप आहे. त्यातील पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा असतो आणि दुसरा विशेष शिक्षकाने. वही नीट ठेवली असेल तर पहिला भाग भरायला वेळ लागत नाही. नसेल तर माणूस आठवणीवर टिचक्या मारत सुटतो आणि निम्म्या वर्गाला कसली ना कसली शंका चिकटते. अ‍ॅपने दाखवलेली शक्यता हेही निदान नव्हे. ती माहिती गट साधन केंद्रातील (तालुका पातळीवरील शैक्षणिक मदत केंद्रातील) समावेशित शिक्षणाच्या साधनव्यक्तीकडे आणि विशेष शिक्षकाकडे मुख्याध्यापकांच्या सहीने लेखी पाठवावी व पोच घ्यावी, कारण तोंडी सांगितलेले तालुक्यापर्यंत पोहोचत नाही.

आरोग्याची बाजू राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे जाते. या कार्यक्रमाची देशातली सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमध्ये झाली. त्याचे फिरते पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते, शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करते, आणि गरज पडल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. पथक येण्याच्या दिवशी यादी तयार असावी आणि यादीतली मुले हजर असावीत, यासाठी आदल्या दिवशी घरी निरोप द्यावा. एका सकाळी संपूर्ण शाळा तपासताना प्रत्येक मुलाच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो, तेव्हा ‘याचा डावा कान पाहा’ असे शिक्षकाने नेमके सांगितले तर त्या वेळाचे चीज होते.

पालकांशी बोलणे

हे काम चाचपणीहून अवघड आहे. पालकसभेत, प्रवेशद्वाराशी किंवा इतर मुलांसमोर बोलू नये. शक्य तर घरी जावे, आणि आईला एकटीला बोलावून तिच्यावर सगळा भार टाकण्यापेक्षा वडील व आजी यांच्यासमोर बोलावे, नाहीतर घरात दोष सुनेच्या माथी येतो. सुरुवात मुलाला काय येते तेथून करावी, मग विचारावे: ‘ताई, घरी मागून हाक मारली तर हा वळतो का? तुम्हाला काय वाटतं?’ बहुतेक आयांना ते आधीच ठाऊक असते. कोणी विचारण्याची त्या वाट पाहत असतात. ‘मतिमंद’, ‘वेडसर’ हे शब्द शिक्षकाच्या तोंडी येऊच नयेत, आणि ‘मोठा झाला की होईल नीट’ असा पोकळ धीरही देऊ नये.

मग व्यवहाराचे बोलावे. रुग्णालय कोणते, तेथे कोणत्या वारी तज्ज्ञ असतात, सोबत आधार कार्ड आणि कोणते कागद न्यायचे, हे एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. मजुरी बुडवून दोनदा तालुक्याला जाऊन रिकाम्या हाताने परतलेला बाप तिसऱ्यांदा जात नाही, आणि त्यात त्याची चूक नसते. पुढे प्रमाणपत्राची वेळ आली तर अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करावा लागतो. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला कलम ३१ नुसार सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो, हे पालकांना सांगावे. पण प्रमाणपत्र नाही म्हणून वर्गातली मदत थांबत नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

वर्षाच्या मध्ये येणारी आणि जाणारी मुले या सगळ्यातून निसटतात. बीड-नगरकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमाराला निघतात, म्हणजे बरोबर तेव्हा, जेव्हा आपली यादी पक्की होऊन तपासणीच्या तारखा मिळू लागतात. अशा मुलांच्या तपासण्या यादीत सर्वांत वर घ्याव्यात. मूल निघालेच तर त्याच्या शिक्षण हमी पत्रकासोबत (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून दिलेल्या पत्रकासोबत) आपल्या वहीतली नोंद एका कागदावर उतरवून बंद पाकिटात पालकांजवळ द्यावी, आणि कारखान्याच्या गावातील शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून मूल कोणत्या कानाने कमी ऐकते, त्याला कोठे बसवावे आणि कोणती तपासणी राहिली आहे, एवढे सांगावे. मार्च-एप्रिलमध्ये ते परतले की कुजबुज चाचणी आणि ‘ई’ तक्ता पुन्हा घ्यावा आणि वहीचे तेच पान पुढे चालू करावे.